जादा वाटी

आजारी खोलीचा ताबा घेण्यात अक्षांश सरांचा फायदा काय होता ते आधी मांडून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याबद्दल त्यांची कीव करायची की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

पहिला फायदा खुर्चीचा. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या लाकडी, टेकलं की करकरणाऱ्या खुर्च्या होत्या. आजारी खोलीत मात्र गादीची, दोन्ही बाजूंना हात टेकायची सोय असलेली खुर्ची होती. दुसरा फायदा खिडकीचा. खोली पहिल्या मजल्यावर टोकाला, खिडकीतून वारा यायचा आणि गणिताच्या सरांचा आवाज यायचा नाही. तिसरा फायदा खरा. कोणी शिक्षक घरी राहिला की त्याचा वर्ग जो समोर दिसेल त्याच्या गळ्यात पडायचा. अक्षांश सर उंच होते, त्यामुळे नेहमी तेच समोर दिसायचे. पण आजारी खोलीच्या प्रमुखाला बदली तास द्यायचा नाही, असा शाळेचा लेखी नियम होता. ती खोली आजवर सांभाळणाऱ्या शिवणाच्या बाई नोकरी सोडून लेकीकडे राहायला निघाल्या आणि खोली रिकामी होणार हे कळलं, तेव्हा सरांनी मोठ्या बाईंच्या दालनात जाऊन "मुलांच्या आरोग्याबद्दल मला पहिल्यापासून तळमळ आहे" असं सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, पण दुसरं कोणी आलं नव्हतं.

सर भूगोल शिकवायचे, म्हणून मुलांनी त्यांना अक्षांश हे नाव ठेवलं होतं. आपल्याला ते माहीत नाही असं सर भासवायचे. घरी बायकोही चिडली की तेच नाव वापरायची, आणि तेही माहीत नसल्याचं सर भासवायचे.

या सगळ्याच्या बदल्यात काम एवढंसं होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की नऊ मुलांना त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या द्यायच्या. कोणाला ॲलर्जी, कोणाला दमा, आणि चिमणीला फिट येऊ नये म्हणून. चिमणी सगळ्यात धाकटी. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दुपारी तिला मशीन सोडून हलता यायचं नाही. दुपारची गोळी शाळेने दिली तर चिमणी शाळेत, नाही तर घरी, इतकं ते सरळ होतं.

शिवणाच्या बाईंनी किल्ली देताना सगळं समजावलं. आजारी खोलीचं दार अर्धं होतं. खालचा भाग बंद, वरच्या भागाला पडदा. आजारी मुलांची तोंडं इतरांनी पाहू नयेत म्हणून तो पडदा बाईंनी स्वतः शिवलेला. दारावर पाटी होती, 'घंटेशिवाय औषध मिळणार नाही'. पाटीची अक्षरं इतकी जुनी होती की त्यांच्यात आता रंगापेक्षा खाचच जास्त उरली होती.

"ट्रे मांडायचा. दहा वाट्या," बाई म्हणाल्या.

"मुलं नऊ आहेत."

"नऊ मुलांच्या नऊ. एक जादा. जादा वाटीत पेपरमिंटची गोळी. डबा कपाटात वरच्या फळीवर आहे."

"पेपरमिंट कशाला?"

"मांडायची," बाई म्हणाल्या. दोऱ्याला गाठ का मारायची असं कोणी विचारलं तर ज्या सुरात त्या उत्तर देत, त्याच सुरात.

सरांनी मान डोलावली. मनात म्हणाले, नऊ मुलं, नऊ वाट्या. एवढा हिशेब भूगोलवाल्यालाही जमतो. दहावी वाटी त्यांनी धुऊन कपाटात पालथी घातली. पेपरमिंटचा डबा मात्र खुर्चीशेजारी ठेवला, कारण कोड्यातले शब्द शोधताना तोंडात काहीतरी लागतं.

त्यांची काम करायची पद्धतही सोयीची होती. ट्रे मांडीवर, शब्दकोडं ट्रेच्या कडेला. पडद्याखालून एक तळहात आत येई, त्यावर सर गोळी ठेवत, तळहात जाई, बाहेरच्या माठावर पेला वाजे, पुढचा तळहात येई. रांग ठरलेली, पहिली चिमणी, मग ॲलर्जीवाला शिंक्या, मग बाकीचे. तोंड बघायची गरजच नव्हती. "तळहात म्हणजे नकाशाच," सर बायकोला सांगत. "शिंक्याच्या हातावर शाईचं बेट आहे. चिमणीच्या अंगठ्याखाली तीळ. मी डोळे मिटून ओळखेन."

"पोरं आहेत ती, नद्या नव्हेत," बायको म्हणाली. "तोंडाकडे बघावं माणसाने."

पहिले काही दिवस अगदी निवांत गेले. एकच गोष्ट सरांना खटकली. पेपरमिंटचा डबा फार लवकर तळाला गेला. आपण इतक्या खाल्ल्या? सरांनी दातांवरून जीभ फिरवून पाहिली. असेल बुवा. माणूस कोडं सोडवताना काय करतो ते त्याला कळत नाही. शेवटची गोळी त्यांनी दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होता. त्यांनी तो परत वरच्या फळीवर ठेवून दिला.

त्याच दिवशी रांग संपल्यावर पडदा बाजूला करून चिमणीने डोकं आत घातलं.

"सर, माझी गोळी?"

"दिली की."

"नाही दिली."

"अगं पहिला हात तुझाच होता."

"मी पहिली नव्हते," चिमणी म्हणाली. "मी दुसरी होते. तुम्ही कोड्यातून वर न बघता 'झालं, पुढचा' म्हणालात."

पहिली वाटी रिकामी होती. गोळी गेली होती, हे नक्की. कोणाच्या पोटात, हा प्रश्न होता. पुन्हा द्यावी तर दोन होतील, न द्यावी तर एकही नसेल. सरांनी धुलाईघराला फोन लावला. तिथे मशीनच्या आवाजात कोणीतरी "चादरी अजून ओल्या आहेत" एवढंच सांगून फोन ठेवला. डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला, तर तिथल्या मुलीने विचारलं, "पेशंट आपण स्वतः का?" सर म्हणाले, "मी शाळा आहे." ती म्हणाली, "शाळेची वेळ संध्याकाळी." उरलेला दिवस सरांनी चिमणीच्या वर्गाच्या दारावरून पहारेकऱ्यासारख्या फेऱ्या मारल्या. काही झालं नाही. संध्याकाळी आई न्यायला आली. तिच्या हातांना साबणाचा वास होता आणि बोटांची टोकं सुरकुतलेली.

"ती खोटं बोलत नाही, सर," एवढंच म्हणाली ती.

सरांना फार लागलं. ती नाही, तर खोटं कोण बोलतं, हे सांगायची तिला गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्याबाहेर डोकं काढून पहिला हात चिमणीचा असल्याची खातरजमा केली, तर शिंक्याची गोळी गायब. शिंक्या गणिताच्या परीक्षेत अथपासून इतिपर्यंत शिंकला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीची उत्तरं पुसट झाली. गणिताचे सर आजारी खोलीत आले, हातांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, ज्याला नऊपर्यंत मोजता येत नाही त्याने निदान बदली तास तरी घ्यावेत." अपमानाहून जास्त सरांना त्यांचं त्या खुर्चीत बसणं झोंबलं.

घरी हा विषय निघाला आणि इमारतीत पसरला. सरांच्या खाली एक काका राहायचे, पोलीस कचेरीतून निवृत्त झालेले. जिना चढून ते मुद्दाम वर आले.

"एखादं कार्टं दोनदा हात पुढे करतंय," काका म्हणाले. "सोपं आहे. गोळी दिली की हातावर शिक्का मारा. शिक्का असलेला हात परत आला की पकडा."

"आणि पकडून काय करायचं?" बायकोने विचारलं.

"ते पुढचं खातं बघेल," काका म्हणाले आणि चहा संपवला.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना कळायचा. "हात गार होता का हो, जावईबापू?" त्यांनी विचारलं.

सरांनी आठवून पाहिलं. पहिला हात गार होता. गार आणि ओलसर. मुलं माठावर हात ओले करतात, त्यात काय. पण माठ गोळी घेतल्यानंतर येतो, आधी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी विषय बदलला.

शाळेत वह्यांवर मारायचा 'तपासले' असा जांभळा शिक्का होता. सर तो घेऊन बसले. तळहात येई, सर गोळी ठेवत, मनगटाजवळ शिक्का उमटवत. मुलांना मजा वाटली. सुट्टीभर मुलं 'तपासले' होऊन मैदानात पळत होती. गोळ्या मात्र पुन्हा एकीने कमी पडल्या. या वेळी ती चिमणीची होती.

"हात दाखव," सर म्हणाले.

चिमणीने दाखवला. तीळ होता, शिक्का नव्हता. पण हात ओला होता.

"धुतलास?"

"हो. मातीचे होते ना."

धुण्याने शिक्का गेला, की मुळात नव्हताच? सरांना आठवू लागलं. आज पहिला हात आला होता तो त्यांनी नीट पाहिला होता. लहान होता, चिमणीएवढा. त्यांनी शिक्का मारताना क्षणभर थबकून त्याच्याकडे पाहिलंही होतं, कारण त्याच्यावर काहीतरी कमी होतं. आत्ता, चिमणीचा हात समोर असताना, त्यांना कळलं काय कमी होतं. त्या हातावर रेषा नव्हत्या. एकही नाही. नकाशाचा कागद कापून ठेवलाय आणि छापायचा राहून गेलाय, तसा.

गोळी द्यावी की न द्यावी? सरांनी पुन्हा धुलाईघराला फोन लावला. चादरी अजून ओल्याच होत्या. "आईला निरोप द्या," ते ओरडले, आणि तास सुरू झाल्याची घंटा झाली.

त्या तासाला सर चिमणीच्याच वर्गावर होते. ते फळ्यावर बेटं काढत होते. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर चिमणी जमिनीवर, डोळे वर गेलेले, हातपाय झटके देत. सरांनी बाकं बाजूला ढकलली, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा कोट घातला. गणिताचे सर धावत आले, हातात चमचा.

"तोंडात घाला! जीभ चावेल!"

"तोंडात काही घालायचं नाही! घड्याळ बघा तुम्ही. मोजता येतं ना तुम्हाला?"

गणिताचे सर मुकाट्याने घड्याळ बघत उभे राहिले. वर्गातली मुलं भिंतीला टेकून रांगेत उभी होती, आणि सरांना त्या अवस्थेतही दिसलं की रांगेच्या टोकाला, दारापाशी, त्यांनी एका माणसापुरती जागा मोकळी सोडली होती.

झटके थांबले. चिमणी दमून झोपली. डॉक्टर आले, गोळी चुकल्याने झालं म्हणाले, आता बरी आहे म्हणाले. आई आली, तिने मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि सरांना काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर सरांना झोप लागली असती.

मोठ्या बाईंनी दालनात बोलावलं. "आरोग्य खात्याला कळवावं लागलं. तपासनीस येतील. आणि हे बघा सर, पुन्हा एक जरी गोळी चुकली, तर मी त्या मुलीला शाळेत ठेवू शकत नाही. घरी बसेल ती. मलाही आवडत नाही हे."

"बाई, रांगेत एक हात जास्त येतो."

मोठ्या बाई बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. "हे तपासनिसांसमोर बोलू नका," शेवटी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सरांनी कपडे बदलले तेव्हा बायकोने शर्ट हातात धरून दिव्यासमोर नेला. खांद्यामागे, जिथे स्वतःचा हात सहज पोहोचत नाही अशा जागी, जांभळी अक्षरं होती. 'तपासले'. उलटी, आरशात दिसतात तशी.

"तुम्हाला कोणी तपासलं?" बायकोने विचारलं. ती हसायला लागली, आणि सरांचं तोंड बघून थांबली.

दुसऱ्या दिवशी तीच उलटी अक्षरं आजारी खोलीत सापडत गेली. खाटेच्या चादरीवर. खुर्चीच्या उजव्या हातावर, सर कोपर टेकतात तिथे. कपाटाच्या वरच्या फळीवर, रिकाम्या पेपरमिंटच्या डब्याभोवती, शोधून शोधून दमल्यासारखी चारी बाजूंनी. आणि खिडकीच्या काचेवर, बाहेरून. खिडकीबाहेर उभं राहायला जागा नव्हती.

चिमणी दोन दिवस घरी राहून परत आली तेव्हा सरांनी धोका पत्करला नाही. रांग, पडदा सगळं बाजूला ठेवून तिला घंटेआधीच खोलीत घेतलं, खाटेवर बसवलं, ट्रे तिच्यासमोर धरला. "ही तुझी वाटी. उचल आणि माझ्यासमोर गिळ."

चिमणीने वाटीत पाहिलं. "सर, यात नाहीये."

आत्ता टाकली होती. सरांच्या बोटांना अजून गोळीची पांढरी पूड लागलेली होती. वाटीच्या काठाला ओल्या बोटांचे ठसे होते, लहान.

या वेळी त्यांना शंका उरली नाही. औषधाच्या पाकिटातली दुसरी गोळी काढून त्यांनी चिमणीच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, "आ कर" म्हणून तोंडही तपासलं. मग विचारलं, "रांगेत कोण असतं गं?"

"ती असते ना."

"कोण ती?"

"ती," चिमणी म्हणाली, सूर्य कोण असं विचारल्यासारखी. "आम्ही जागा सोडतो तिला. ती ढकलत नाही कोणाला. पण हल्ली तिला काही मिळत नाही, म्हणून ती पुढे आली."

चिमणीला वर्गात पोहोचवून सरांनी शिवणाच्या बाईंना फोन लावला. पलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं. बाईंनी कोण बोलतंय हे विचारलं नाही. "पेपरमिंट संपल्या का?" विचारलं.

सरांनी रिकामा डबा हलवून पाहिला.

"तुम्ही खाल्ल्यात," बाई म्हणाल्या. मशीन थांबलं.

"मला वाटलं, रडणाऱ्या मुलांसाठी असतील."

"आणि जादा वाटी?"

"पालथी घातली. बाई, ती आहे कोण?"

"मला काय माहीत? मला माझ्या आधीच्या बाईंनी सांगितलं, एक वाटी जादा मांडायची. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. तुम्ही दारावरची पाटी वाचलीत ना? कोणीतरी कधीतरी तिला ती वाचून दाखवली असेल. घंटा होऊ दे, तोवर थांब. ती थांबली. गुणाची पोर आहे हो, सांगितलेलं ऐकते. काही द्या तिला, ती निमूट जाते. नाही दिलं तर ज्याचं मिळेल त्याचं घेते. तिला कुठे कळतंय, कुठली गोळी कोणाची."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"पहिल्या वर्षी वाटली. मग सवय झाली. पण म्हणून मी तोंड कधी पाहिलं नाही. पडदा शिवला." पुन्हा मशीन सुरू झालं. "अर्ध्या दाराला तेवढ्यासाठीच तर पडदा."

दुसऱ्या दिवशी सुट्टीआधी सरांनी रस्त्यापलीकडच्या दुकानातून पेपरमिंटचा मोठा डबा आणला. दहावी वाटी सुलटी करून ट्रेच्या शेवटी मांडली. घंटा झाली. तीळ असलेला हात पहिला आला, शाईचं बेट दुसरं. नऊ हात आले, नऊ गोळ्या गेल्या. मग पडद्याखालून तो आला. गार वाफ आधी आली, मग हात. सरांनी कोऱ्या तळव्यावर पेपरमिंट ठेवली. बोटं मिटली. माठावर पेला वाजला नाही. बाहेर कोणीतरी दातांत काहीतरी कुडुमकन फोडलं, इतकंच.

त्या आठवड्यात एकही गोळी चुकली नाही. चिमणी बाकावर, आई मशीनवर, शिंक्या शिंकेविना. सरांनी पुन्हा शब्दकोडं हातात घेतलं, पण आडव्या-उभ्या शब्दांत त्यांचं मन लागेना.

मग आरोग्य तपासनीस आले. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी आले आणि सरळ हातांच्या खुर्चीत बसले, त्यामुळे सरांना आपल्याच खोलीत शिपायासारखं उभं राहावं लागलं. तपासनीस तोंड वर करून कोणाकडे बघत नसत. त्यांचं सगळं जग मांडीवरच्या पॅडएवढं होतं. मोठ्या बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"वाट्या दहा का?" तपासनिसांनी विचारलं.

"एक जादा आहे."

"जादा म्हणजे कोणाची?"

"तिच्यात नुसती पेपरमिंट आहे, साहेब."

"काय आहे ते मी विचारलं नाही. कोणाची आहे ते विचारलं. या खोलीतून जे पोटात जातं ते कोणाच्या तरी नावावर लागतं. गोळी असो नाही तर बडीशेप. मालक नसेल तर वाटी उचला, माझ्यासमोर उचला, आणि पुन्हा मांडायची नाही."

सरांनी वाटीकडे हात नेला. ट्रेवर दुसऱ्या टोकाला चिमणीची वाटी होती, पांढरी गोळी घातलेली. दारापलीकडे रांग जमू लागली होती. दाराखालच्या रुंद फटीतून पाय दिसत होते, बुटांतले, आणि दोन बुटांच्या मधे, जिथे जागा सोडली होती तिथे, फरशी ओली होत चालली होती.

"विद्यार्थिनीची आहे," सर म्हणाले.

"मग अर्ज कुठे? नाही? भरा. नाव?"

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी पेन घेतलं आणि नावाच्या जागी एक नाव लिहिलं. ते त्यांना शोधावं लागलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, त्यांच्या घरातल्या आतल्या खोलीला नवा रंग दिला होता तेव्हा, त्यांनी आणि बायकोने ते ठरवून ठेवलं होतं. नंतर त्या खोलीत ट्रंका गेल्या, आणि घरात तिला सगळे जादा खोली म्हणू लागले.

"प्रवेश कधीचा?"

"माझ्या आधीचा."

"आजार?"

"तिला थांबायला सांगितलंय. तेव्हापासून थांबली आहे."

"म्हणजे जुनाट," तपासनीस म्हणाले. "जुनाट लिहा. ॲलर्जी?"

"माहीत नाही."

"तसं लिहा. माहीत नाही हे उत्तर चालतं, मोकळी जागा चालत नाही. पालक?"

सरांनी पेन खाली ठेवलं.

"पालकाच्या सहीशिवाय वाटी ठेवता येणार नाही," तपासनीस म्हणाले. "घंटा होईलच. सही आहे की उचलू?"

"सर," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. त्यात 'करा' होतं की 'करू नका', ते नंतर कधी त्यांनाही सांगता आलं नाही.

सरांनी सही केली.

"नातं," तपासनीस म्हणाले.

सरांनी 'वडील' असं लिहिलं, आणि घंटा झाली.

हात येत गेले. तपासनीस पॅडवर खुणा करत गेले. दहावा हात आला तेव्हाही त्यांनी मान वर न करता खूण केली, फक्त "एसी बंद करा" म्हणाले. खोलीत एसी नव्हता. सरांनी पेपरमिंट ठेवली. या वेळी बोटं लगेच मिटली नाहीत. तळहात तसाच उघडा राहिला, दाखवल्यासारखा, आणि सरांनी वाकून पाहिलं. कोऱ्या कातडीवर, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत, एक रेष उमटली होती. बारीक, नुकती उगम पावलेल्या नदीसारखी.

शाळा सुटल्यावर सर निघाले. उजव्या हातात पिशवी होती. डावा हात मोकळा होता, निदान फाटकापर्यंत तरी. रस्ता ओलांडायच्या जागी दोन बोटांभोवती काहीतरी गार, ओलसर येऊन बसलं आणि घट्ट झालं. सर एरवी रस्ता ओलांडताना गाड्यांना शिव्या देत धावत सुटत. त्या दिवशी त्यांनी दोन्हीकडे नीट पाहिलं आणि सावकाश ओलांडला. खाली एकदाही पाहिलं नाही. जिन्यात खालचे काका भेटले.

"लागला का छडा?" काकांनी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत, का कोण जाणे, भिंतीला चिकटून वाट दिली. एकाला लागते त्याहून जास्त.

बायकोने दार उघडलं. आत टेबलावर जेवणाची मांडामांड झाली होती. घरात माणसं तीन, वाट्या चार.

"अगं, चार का?"

"का म्हणजे?" बायको वाट्यांकडे बघून स्वतःच गोंधळली. "हाताला चार लागल्या. मी मोजल्या नाहीत."

सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचे पांढुरके डोळे सरांच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर स्थिर झाले. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "आधी तिला वाढायला सांगा. केव्हाची उभी आहे."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने विचारलं, "शाळेत नाव काय दिलंत?"

सरांनी सांगितलं. बायकोने चौथी वाटी भरली. मग पदराला हात पुसत आत गेली, आणि जादा खोलीतल्या ट्रंका ओढल्याचा आवाज येऊ लागला.

तर हिशेब असा. शिवणाच्या बाई सुटल्या. मोठ्या बाईंना खात्याचा चांगला शेरा मिळाला आणि तपासनिसांच्या कागदावर एकही मोकळी जागा राहिली नाही. चिमणी वर्गात आहे, तिच्या आईला मशीन सोडावं लागलं नाही. रांगेत मुलं आता जागा सोडत नाहीत. शिंक्या म्हणतो, ती पुढे उभी असते, सरांच्या बाजूला, पडद्याच्या आत. अक्षांश सरांना ठरल्याप्रमाणे सगळं मिळालं, खुर्ची, खिडकी आणि बदली तासांतून सुटका. त्यांना काही द्यावं लागलं नाही. दिलं ते त्यांच्या बायकोने. पूर्वी ती दुपारी दार ओढून घेऊन बाहेर जायची, शेजारी बसायची, हसायची. आता कोणी हाक मारली तरी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. मुठीत एक पेपरमिंट घेऊन दारात उभी असते, आणि कशासाठी थांबली आहेस विचारलं तर म्हणते, घंटा व्हायची आहे.